ता. क.

शब्द जितका आखूड, तितका त्याचा अर्थ खोल, असं विद्वान म्हणतात. आमचा जिल्हा अजून चांदा होता त्या दिवसांत, सावलीच्या बाजारात पोस्टकार्डं वाचून देणारा एक गृहस्थ हे मनापासून मानत असे. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याची होती. कार्ड आधी कपाळाला लावून मग तो ते स्वतःलाच आल्यासारखं हरखून वाची.

एकदा वैनगंगेत मासे धरणारा एक म्हातारा जावयाचं कार्ड घेऊन आला. नदीपलीकडे मुलीचं दुसरं बाळंतपण होतं. "दिवस भरत आले आहेत, बाकी सर्व खुशाल," इथवर वाचून गृहस्थ ताडकन उठला. सहीखाली 'ता. क.' एवढंच लिहिलेलं होतं आणि तिथे कार्ड संपलं होतं.

"तातडीचं काम! धाव भाऊ, धाव!"

मी शाळामास्तर, म्हणून मध्ये पडलो. "अहो, ते ताजा कलम. सहीनंतर आठवलेला मजकूर."

"ताजी भाजी असते, गुरुजी. कलम आंब्याचं असते. तिकडं पोर अडली असन, अन् तुम्ही व्याकरण सांगून राह्यले काऊन?"

म्हातारा टोपली तिथेच टाकून नदीवर बांधलेल्या डोंग्याकडे पळाला. गृहस्थ दिवसभर त्याच्या माशांवरचे कावळे हाकत बसला.

पुढच्या बाजारी म्हातारा गूळ वाटत आला. नातू झाला होता, मुलगी ठणठणीत होती. कार्डावर न मावलेलं वाक्यही त्याने जावयाला विचारून आणलं होतं: येण्याची घाई करू नये.