दुधाच्या दोन पिशव्या

बाबा नाशिकच्या दवाखान्यात गेले, म्हणून दिवसकार्यही इथंच उरकलं. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "भाताची रोपं हातभर झाली असतील. आवणीला माणसं येतील, बांधावर कोणी नको का? मला वर सोड."

वर म्हणजे सुरगाण्याच्या पुढचा आमचा पाडा. शेवटचा चढ मातीचा आहे. आईच्या गुडघ्यांना तो झेपत नाही, आणि पावसाळ्यात तिथं फक्त बाबांची पिकअप चढायची, तीही चारही चाकं ओढायला लागली तरच. ती गाडी आता माझ्या दारात उभी होती आणि तिची पुढची चाकं जोडली जात नव्हती. दुरुस्त झाली तर आई जाणार, नाही झाली तर सातपूरच्या माझ्या दोन खोल्यांत राहणार. तिनं राहावं असं मला वाटत होतं. त्या दिवसांत मला तेवढंच वाटत होतं. बाकी जेवण, झोप, माणसांचं येणंजाणं सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं होतं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, तोही मेकॅनिकलचा. कॉलेजची चार वर्षं याच गाडीच्या फेऱ्यांवर निघाली. म्हणून मे महिन्यात बाबा आले तेव्हा मी हौसेनं गाडी सर्व्हिसिंगला नेली आणि गंजू नये म्हणून खालून जळक्या ऑइलचा फवारा मारून घेतला. बाबा नुसते हसले होते.

ओळखीच्या मिस्त्रीच्या शेडमध्ये गाडी लावली. आईला घरी एकटं बसवेना, तीही आली आणि एका पालथ्या क्रेटवर बसली. पाना शोधताना बाबांच्या पेटीत दुधाच्या दोन धुतलेल्या पिशव्या आणि ट्यूबचे कापलेले रबर सापडले. मी ते बाजूला टाकलं.

या गाडीत पुढचा एक शाफ्ट दोन तुकड्यांत असतो. बटण दाबलं की इंजिन एका नळीतून हवा ओढतं. त्या ओढीनं पत्र्याच्या डबीतला रबरी पडदा मागे सरकतो, त्याला जोडलेला काटा एक कडं सरकवतो आणि दोन तुकडे एक होतात. मी नळी काढली. ती फुगून मऊ झाली होती, बोटांनी दाबली तर मिटत होती. ऑइलनं रबर फुगतं, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे.

"नळीचं काय, आत्ता घालू," मिस्त्री म्हणाला. "पण डबीतला पडदा फाटला असंल तर अख्खी डबी बदलावी लागंल. बोला साहेब. डिग्री तुमची, पाना माझा."

मग आईकडे पाहून त्यानं आवाज खाली आणला. "मावशींना ठेवून घ्यायचंय ना? सांगा, डबी नाशकात मिळत नाय. दोन महिने आरामात जातील."

मी हातातली नळी खाली टाकली आणि पाना उचलला.

"काय कुजबुज चाललीय?" आई क्रेटवरून उठून आली. खाली पडलेली नळी तिनं उचलली, दाबून पाहिली. "ऑइल लागलं हिला. तुझा बाप आधी हिला आन् डबीला पिशवी बांधायचा, मग ऑइल मारायचा."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"पोरानं एवढ्या हौसेनं करून आणलं, म्हणे. मग काय, चढाखाली गाडी लावून चालत यायचा."

बाबा काविळीनं गेले. चढाचा त्यात काही दोष नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय आणि मलाही कळतं. मी हातातला पाना पुसत राहिलो.

"डबी चांगली हाय का ते पाहिलं?" आईनं विचारलं. "तोंडानं ओढ आन् जीभ लाव. तेवढाच वेळ तो गप बसायचा."

मिस्त्री हसला. त्यानं डबीला नव्या नळीचा तुकडा लावून दिला. मी गाडीखाली आडवा झालो, हवा ओढली आणि टोकाला जीभ लावली. डबीनं ओढ धरून ठेवली, म्हणजे पडदा शाबूत होता. जिभेवर रबराची कडू चव आली. कितीतरी दिवसांत मला पहिल्यांदाच कशाची तरी चव कळली. वाकून पाहणाऱ्या आईचं तोंड मला चाकाशेजारी दिसत होतं.

"धरली ना?"

जीभ अडकलेली होती. बोलता येत नव्हतं. मी मान हलवली.

"मग झालं," ती म्हणाली आणि पुन्हा क्रेटवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढाखाली मी बटण दाबलं. खालून ठक् असा आवाज आला, दिवा लागला आणि गाडी चिखलातून सावकाश वर गेली. आई उतरली ती घरात न जाता आधी रोपांकडे गेली. यापुढे गाडी चुलतभाऊ चालवणार होता. मी त्याला नळी दाखवली, पिशवी कशी बांधायची ते दाखवलं. रबर दोनदा गुंडाळावं लागतं.

"त्या पिशव्या पेटीत ठेव परत," आई बांधावरून ओरडली.

मी ठेवल्या. मग सुरगाण्याहून एसटी पकडायची म्हणून चढ चालत उतरायला लागलो.