साहेबांना ओव्हरटेक करू नये

पुण्यात ती गाडी तिसऱ्या गिअरच्या वर कधी गेली नाही. दोन सीटची, लाल, बुटकी, सेकंडहँड घेतलेली. माझ्या अकलेचं जाहीर प्रदर्शनच म्हणा ना. बायको एकदा बसली, कंबर धरून उतरली आणि पुन्हा बसली नाही. म्हणून दिवाळीत गावी आलो तेव्हा थोरल्या भावाला सकाळीच म्हणालो, चल, गेवराईहून बीडपर्यंत जाऊन येऊ.

दादा पंधरा वर्षं साहेबांचा कार्यकर्ता. सभेच्या खुर्च्या लावायच्या, लग्नाकार्यात साहेबांच्या आधी पोचायचं आणि त्यांच्यानंतर जेवायचं, हे त्याचं राजकारण. यंदा पंचायत समितीचं तिकीट आपल्यालाच, अशी त्याची खात्री होती. वहिनींनी पोस्टरवरच्या फोटोसाठी पांढरा शर्ट शिवून आणला होता.

हायवे मोकळा होता. दोन्ही बाजूंना कापूस, मध्ये गुळगुळीत रस्ता, त्यावर कुत्रंसुद्धा नाही. काटा दीडशेच्या पुढे गेला. इंजिनाचा आवाज पाठीत शिरत होता आणि मी, चाळिशीचा बाप्या, एकटाच हसत होतो. दादा दोन्ही हातांनी सीटबेल्ट धरून बसला होता.

तेवढ्यात पुढे एक पांढरी गाडी दिसली. उजव्या लेनमधून, चाळीसच्या वेगानं.

"ब्रेक मार बे! साहेब हाईत म्होरं!"

मारला. "डावीकडची अख्खी लेन रिकामी आहे," मी म्हणालो.

"आसू दे. साहेबाच्या म्होरं जायचं नसतं. मागल्या बारीला एक जण गेलता."

"मग? कुठंय तो आता?"

"शेतात."

पुढचे दहा-बारा किलोमीटर आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये साहेबांची पाठ राखली. कारखान्याकडे निघालेला ऊसतोड्यांचा ट्रक आम्हा दोघांनाही ओव्हरटेक करून गेला. त्यातल्या कुणाला तिकीट नको होतं.

चहाच्या टपरीपाशी साहेब थांबले. आम्हीही थांबलो. त्यांनी माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली. "बसून बघू का?" हे वाक्य पुरं व्हायच्या आत दादा खाली उतरून खांद्यावरच्या टॉवेलानं सीट पुसत होता.

साहेबांना घेऊन मी एकशे ऐंशी गाठली. "आनखी," ते म्हणाले. पोरासारखे खिदळत होते. खरं सांगतो, मला फार भारी वाटत होतं. मग हसता हसताच ते म्हणाले, "तुमचे दादा म्हंजे सोनं हाय. यंदा तिकीट मेव्हन्याला द्यावं म्हन्तो. थांबतेल ना ते आनखी एक बारी?"

"थांबतील की," मी म्हणालो.

विचार करायला वेळच नव्हता, असं नंतर मी स्वतःला सांगून पाहिलं. वेळ होता. साहेब खुशीत होते, आणि ते माझ्यामुळे खुशीत होते, एवढंच मला त्या वेळी दिसत होतं.

वळसा घालून परतलो तेव्हा दादा टपरीपुढे उन्हात उभा होता. बाकडं रिकामं होतं, तरी बसला नव्हता. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते आपल्या गाडीत बसून गावाकडच्या फाट्याला वळले. दादा माझ्या शेजारी बसला.

"तिकिटाचं काय निगालं का?"

"नाही."

"मग पक्कं हाय. कापायचं आसतं तर तुला बोलले आसते. सख्खा भाऊ हायस." त्याचा चेहरा उजळला. "आता रस्ता मोकळा हाय. चालव बे, साहेबाला पळवली तशी."

मी पळवली. दादानं काच खाली केली, डोकं मागे टाकलं आणि मोठमोठ्यानं हसायला लागला. त्याच्या लग्नातही मी त्याला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. बीड यायच्या आत सांगून टाकू, असं मी ठरवलं होतं. बीड आलं आणि गेलं.