मडगार्डपाशी अण्णा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो, त्यामुळे ते अंगात भिनलंय, असं बायको म्हणते. रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवला की जरा माणसात येतोस, असंही तीच म्हणते. एका रविवारी मात्र मी माणसात आलो नाही, आणि ते आता आयुष्यभर निस्तरायचंय.

कुरुळीच्या पुढे एका हौशी कारखानदाराने आपल्या रिकाम्या गोडाऊनमध्ये जुन्या गाड्यांचं संग्रहालय केलंय. तिथल्या एका काळ्या, लांबलचक गाडीचा एचडीआर फोटो मला आमच्या क्लबच्या प्रदर्शनासाठी हवा होता. एचडीआरमध्ये जादूबिदू काही नाही. वरून दिव्यांचा झोत, मधे काळा चकचकीत रंग, आतल्या सीटवर मिट्ट अंधार, एवढं सगळं एका फोटोत मावत नाही. मग कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा आणि तेच चित्र पाचदा घ्यायचं, पहिलं मधल्या उजेडाचं, पुढची कमी-जास्त. घरी कॉम्प्युटरवर पाचांचं एक करायचं. अट एकच, मधे काही हलता कामा नये.

पब्लिक यायच्या आधी, नऊ ते दहा, एवढीच परवानगी मिळाली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "मी बी येतो." अण्णा तरुणपणी लातूरकडून पिंपरीत आले आणि जन्मभर गॅरेजात डेंटर होते. ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे हातोडीने सरळ करायचे. हात थांबले तेव्हा सांगवीत माझ्याकडे राहायला आले. मला खरं तर एकट्याला जायचं होतं. पण आईने डोळे वटारले, म्हणून नेलं.

तिथे मी ट्रायपॉड लावत होतो तेवढ्यात अण्णा त्या काळ्या गाडीपाशी उकिडवे बसले आणि पुढच्या मडगार्डच्या आतून हात फिरवायला लागले.

"काका, हात नका लावू," वॉचमन म्हणाला.

"आरं, ह्ये माझं हाय!" अण्णा म्हणाले. "जोड बघ की आतनं. पार्ट मिळंना, तवा कोरा पत्रा आणून महिनाभर ठोकत होतो ह्याला. मालक रोज येऊन बसायचा."

वॉचमन भला माणूस. तो खाली वाकून बघायला लागला, चार गोष्टी विचारायला लागला. आणि मी? मी घड्याळ बघत होतो. मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. जिथे जाईल तिथे ह्यांचं गॅरेज काय सुरू होतं, असं वाटत होतं.

"माझा एक काढ की हिच्यासंगं," अण्णा म्हणाले. "इतक्या गाड्या केल्या, गिऱ्हाईक घिऊन गेलं की संपलं. एकीसंगं फोटो न्हाई बघ."

"काढतो हो. आधी माझं होऊ द्या."

दिव्यांशी झटापट करण्यात दहाला पाच कमी झाले. शेवटी सगळं जमलं आणि मी रिमोट दाबला. पाच फोटो आपोआप, मधे काही सेकंद सोडून एकामागून एक निघतात, प्रत्येकाचा 'खटाक' असा आवाज येतो. पहिला झाला. अण्णांना वाटलं, आपली पाळी आली. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, कॉलर नीट केली आणि मडगार्डपाशी जाऊन उभे राहिले. बरं, उभे राहिले ते राहिले, निदान हात तरी गप्प ठेवावा! डेंटरला पत्रा बघायचा म्हणजे डोळ्यांनी नाही, तळहाताने. कुठे चढ आहे, कुठे खड्डा आहे, ते हात फिरवून कळतं. गाडीशेजारी उभं राहून हात स्थिर ठेवणं त्या माणसाला येतच नव्हतं.

"अहो अण्णा! काय लहान पोरासारखं चाललंय तुमचं!" मी वॉचमनसमोर खेकसलो. पुढचे चारही फोटो वाया गेले होते. पुन्हा घ्यावेत तर कुठल्या तरी कंपनीची पन्नासेक माणसं दारातून आत घुसली.

अण्णांनी मडगार्डवरचा हात काढला. चपला घालत हळूच विचारलं, "आला का रे?"

"आला, आला. चला आता."

घरी आल्यावर पाचांचं एक केलं तर मडगार्डवर पुसटसे तीन-चार हात आणि वर धुरकट शर्ट. असं झालं तर सॉफ्टवेअरमध्ये सोय असते. एक फोटो मूळ धरायचा, त्यात जे नाही ते सगळं पुसलं जातं. मी पहिला धरला. एक क्लिक, अण्णा साफ. मडगार्ड असं झळकलं की मी एकटाच "वा!" म्हणालो. हार्ड डिस्क भरत आली होती, म्हणून मूळचे पाचही उडवले.

चिंचवडच्या प्रदर्शनात त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. अण्णा आईला घेऊन आले होते. फोटोसमोर बराच वेळ उभे होते. डाव्या बाजूला बघितलं, उजव्या बाजूला बघितलं. "ब्येस आलीया गाडी," म्हणाले. मी लोकांच्या अभिनंदनात होतो. त्यांना काय शोधायचं होतं, ते मला तेव्हा कळलं असतं तर पाय धरले असते. तशी वेळच आली नाही. दोन महिन्यांनी सकाळी चहा घेता घेता अण्णा गेले.

दहाव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. होता तो रेशनकार्डावरचा, त्यात अण्णा कुणावर तरी चिडल्यासारखे दिसतात. तोच मोठा करून आणावा म्हणून मी निघालो तर आई म्हणाली, "त्यो कशाला? तू गाडीसंगं काढलेत ना त्यांचे, त्यातला आण."

मी म्हणालो, "आई, त्या दिवशी त्यांनी काढू कुठे दिला? लाजले."

असं बोललो मी. गेलेल्या माणसावर ढकललं.

आई म्हणाली, "लाजतील कशाला? चार काढलेत म्हणले पोरानं. चारदा वाजलं म्हणले, मोजलंय मी. शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून आले. परदर्शनात दिसला न्हाई म्हणून मीच विचारलं, तर म्हणले, तिथं गाडीचाच लावायचा असतो. माझे त्यानं घरी नीट ठिवले असत्याल, तू मागू नको, त्याला सवड झाली की दील."

मी कॉम्प्युटर सुरू केला आणि आईला शेजारी बसवून शोधायचं नाटक केलं. तिने पदराने चष्मा पुसला आणि स्क्रीनकडे बघत राहिली.