मंदाच्या कॉम्प्युटरवरचे दोन लाल ठिपके

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर खोटारडे म्हणत आलो. तळोज्याला पत्रे कापायच्या कारखान्यात एकवीस वर्षं काढली, त्यातली निम्मी रात्रपाळी. तिथे मला कुत्री सोडून काही दिसलं नाही. शिक्षण माझं चौथी. हे सगळं मीच लिहिलंय, शुद्धलेखन तेवढं मुलगी सुधारेल. तुम्ही मला खोटारडा म्हणालात तरी राग नाही... मीही तेच म्हणालो असतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, सत्त्याण्णव सालची. जुईनगरला आमचा वन रूम किचन, तिसरा मजला. माझी बायको शालिनी जाऊन चार महिने झाले होते. घरात मी आणि मुलगी मंदा. मंदा सासर सोडून आली होती. नवरा हात उचलायचा. आता सरळ लिहितोय, तेव्हा सोसायटीत "आईच्या आजारपणासाठी आलीय" असं सांगायचो. आई गेल्यावर ते सांगायचीही सोय राहिली नाही.

शालिनी हॉस्पिटलात शेवटचं बोलली ते एवढंच – "अहो, मंदीला परत धाडू नका."

मी म्हणालो, "बघू."

हो नाही म्हणालो. बघू म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

मलाही भीती होती. उद्या मी गेलो तर या पोरीचं कोण? तिचे सासरे निरोपावर निरोप धाडत होते. मंदाने तोवर वाशीला डीटीपीचा क्लास केला, आणि नेरूळच्या एका ट्यूशनवाल्या बाईंनी तिला प्रश्नपत्रिका टाईप करायचं काम देऊ केलं. तिने सुटे पार्ट आणले आणि घरीच कॉम्प्युटर जोडायला बसली. सासरे रविवारी येणार असं कळलं, तेव्हा मी रागात बोलून गेलो, "रविवारपर्यंत ही पेटी चालली तर राहा. नाही चालली तर बॅग भर." ती स्क्रूड्रायव्हर उचलून पेटीकडे वळली. भांडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी तिने सगळं जोडून बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला... आणि पडदा काळा. पेटी ओरडली – एकदा लांब, दोनदा आखूड.

"काय म्हणतंय?"

"डिस्प्ले नाही म्हणतंय, बाबा."

"ते मलाही दिसतंय."

तिने पेटी उघडली. पडद्याला चित्र पुरवणारं एक कार्ड असतं, ते आतल्या मोठ्या बोर्डाच्या खाचेत उभं बसतं. ते काढलं, त्याची सोनेरी कड खोडरबराने घासली, परत बसवलं, वरून स्क्रू आवळला. बटण. एक लांब, दोन आखूड. परत काढलं. परत घासलं. असं मी मोजून अकरा वेळा पाहिलं. दर वेळी स्क्रू आणखी जोर लावून आवळायची. समोरच्या वहिनी दारात डोकावल्या.

"काय गं मंदा, टीव्ही लागला का? चारला पिक्चर आहे."

"टीव्ही नाही हो वहिनी, कॉम्प्युटर आहे."

"तेच ते. लागला की हाक मार."

एरवी मंदा हसली असती. तेव्हा तिने कार्डावरून नजरही उचलली नाही. ती जेवली नाही, म्हणून मीही नाही. बॅग पलंगाखाली होती आणि आम्ही दोघंही तिकडे बघायचं टाळत होतो.

आता शालिनीचं सांगायला पाहिजे. ती नऊ वर्षं तुर्भ्याकडच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत होती. बायकांची लाईन असायची, बोर्डात बारीक पार्ट भरायचे. बोर्ड तपासून पास झाला की जिने भरला तिने कोपऱ्यात आपली खूण करायची, म्हणजे पुढे बिघडला तर कोणाचा ते कळावं. शालिनीची खूण म्हणजे शेजारी-शेजारी दोन ठिपके, लाल नेलपॉलिशचे. साधी शाई पुसली जाते म्हणायची. स्वतःच्या नखांना तिने जन्मात लावलं नाही. मी चिडवायचो, "बोर्डाला नटवतेस, स्वतःला कधी?" ती म्हणायची, "बोर्ड पास होतात. तुम्ही कधी पास करता मला?" आणि तपासायच्या आधी ठिपके कधीच द्यायची नाही. बाकीच्या बायका घाईच्या दिवशी आधीच खुणा करून ठेवायच्या. ही नाही. त्यावरून सुपरवायझरशी भांडलीसुद्धा होती.

तीनच्या सुमाराला लाईट गेली. मंदा तशीच उठली. पेटीचं बटण चालूच राहिलं, तिच्या लक्षात नाही. "मी खाली पीसीओवरून पार्टवाल्याला फोन करून येते. बाबा, कशाला हात लावू नका हं."

ती गेली. मी दाराला आतून कडी घातली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलो, उघड्या पेटीकडे पाठ करून. समोर शालिनीचा फोटो. पंखा बंद, घामाच्या धारा. मला एकदम रडू फुटलं. ती गेली तेव्हा आलं नव्हतं. मी फोटोला म्हणालो, "ती पेटी चालो नाहीतर जळो. मंदी कुठे जात नाही. ऐकलंस? बघू नाही म्हणत. हो म्हणतोय. उशीर झाला, पण हो."

आणि वास आला.

गोडसर, नाकात चढणारा. नेलपॉलिशचा. आधी वाटलं, वहिनींकडून येत असेल. पण वास माझ्या पाठीमागून येत होता. मग पत्र्यावर काहीतरी बारीक पडल्यासारखं... टिक्.

मी वळलो नाही. घाबरलो, उगाच मर्दुमकी सांगत नाही. किती वेळ बसलो, देव जाणे. मग वरचा पंखा हलला – लाईट आली. पाठीमागे पेटीचा पंखाही सुरू झाला. मी डोळे मिटून घेतले, आता ओरडणार... एक लांब, दोन आखूड...

एकच आवाज आला. लहानसा.

वळून बघतो तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर चढत होती.

तेवढ्यात दार वाजलं. मी कडी काढली. मंदा आत आली ती बोलतच, "तो म्हणतो कार्डच गेलं असेल, सोमवारी आणून..." आणि थांबली.

"बाबा, हात लावलात?"

"नाही."

"शपथ?"

"तुझ्या आईची."

तिने बॅटरी आणून आत बघितलं. जो स्क्रू तिने जीव खाऊन आवळला होता, तो काढून ठेवलेल्या झाकणात पडला होता. कार्ड खाचेत सरळ बसलं होतं. आणि कार्डाच्या कोपऱ्यात शेजारी-शेजारी दोन लाल ठिपके. मंदाने बोट लावलं. बोट लाल झालं. ती तिथेच जमिनीवर बसली.

शालिनी नेलपॉलिश ठेवायची तो स्टीलचा डबा मी कपाटातून काढला. बाटली होती. टोपण पकडीने उघडावं लागलं. आत विटेच्या कपचीसारखं वाळून घट्ट झालेलं.

पार्टवाला नंतर म्हणाला, स्क्रू जास्त आवळला की कार्डाचं दुसरं टोक उचलतं, म्हणून डिस्प्ले येत नव्हता. पटलं. पत्र्याचंही तसंच होतं, मला आधीच सुचायला हवं होतं. पण स्क्रू काढला कोणी? माझ्या उजव्या हाताची दोन बोटं कारखान्याने अर्धी नेली, तो बारीक स्क्रू मला धरताही येत नाही. मंदा पीसीओच्या लाईनीत उभी होती. कडी आतून होती. ठिपक्यांचं पार्टवाल्याला विचारलं तर म्हणाला, "काका, फॅक्टरीतून येतात अशा खुणा." येत असतील. ओल्या येतात का?

रविवारी सासरे आले. चहा प्यायले. "मग काय ठरवलंत, व्याही?"

"मंदा येणार नाही."

"बायको गेली तसं डोकंही गेलं वाटतं तुमचं."

"असेल," मी म्हणालो. आत मंदा टाईप करत होती, टकटक ऐकू येत होती. ती थांबली नाही.

कॉम्प्युटर अजून चालतो. कार्ड तेच. मंदा कधी कधी मध्येच विचारते, "बाबा, खरं सांगा, तुम्हीच ना?" मीही तिला तेच विचारतो. दोघंही नाही म्हणतो, आणि मग कोणी तरी चहा टाकतं.

पण मला छळणारी गोष्ट वेगळी आहे, ती मी मंदालाही सांगितलेली नाही. आता शुद्धलेखन सुधारताना तिला कळेल. वास आला तेव्हा लाईट आलेली नव्हती. पेटी चाललीच नव्हती. शालिनीने नऊ वर्षांत पास झाल्याशिवाय एकदाही ठिपके दिले नाहीत. त्याआधी त्या खोलीत मी तिच्या फोटोला हो म्हणालो होतो, एवढंच. मग त्या वेळी पास झालं ते काय?