हरलेल्यांचा चिटणीस

निवडणूक हरली की मास्तर खूश दिसत. कानावरचा खडू काढून शिलाई मशीनच्या खणात ठेवत, त्याच कानावर पेन खोचत आणि जिंकलेल्यांपुढे हात पसरून म्हणत, "आणा आमची वही."

मास्तर म्हणजे गंगापूर रोडमागच्या आमच्या वस्तीतले टेलर मास्तर. येवल्याकडच्या खेड्यातून आलेले. बोली त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. आमच्या विहार समितीत दोन गट होते, वरची गल्ली आणि खालची गल्ली. दर वर्षी मतदान, दर वर्षी बाचाबाची. मास्तर आमच्या वरच्या गल्लीचे. पण त्यांनीच भांडून एक नियम करून घेतला होता. अध्यक्ष जिंकलेल्या गटाचा. सभेची वही लिहिणारा चिटणीस मात्र हरलेल्या गटाचा. लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचायचं आणि एक शब्दही खोडायचा नाही. "जिंकणाऱ्याचा हात स्वतःची चूक लिहायला वळत नाय," ते म्हणत. "हरलेला ती कानामात्रेसकट लिहितो."

'हे गटच मोडून टाका की,' असं कुणी म्हटलं की ते हातातला झंपर उलटा करून शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड दाखवत. "ही माया. माणूस आज बारीक, उद्या जाड. गटांचं तसंच हाय. आजचे चार उद्या चाळीस होतील. माया न सोडता शिवलं तर पहिल्यांदा वाकलं की उसवलंच."

मला हे गुळमुळीत वाटे. मी पत्रकांवर वाढलेली. आणीबाणीत ओढणीखाली पत्रकं लपवून वाटली होती. तडजोड या शब्दाचीच मला चीड होती. आणीबाणी उठल्यावरच्या वर्षी आमचा गट जिंकला आणि खालच्या गल्लीने जयंतीची वेगळी मिरवणूक काढायचं ठरवलं. मी पेटले. एका दमात पत्रक लिहिलं आणि सभेत ठराव मांडला : खालच्या गल्लीतल्या अकरा घरांचं सभासदत्व रद्द करा. मतं आमच्याकडे होती. ती घरं समितीबाहेर गेली असती.

मास्तर उठले. "दिल्लीत एकच आवाज व्हता तवा तू पत्रकं वाटलीस, पोरी. आता गल्लीत एकच आवाज पायजे व्हय?" मग म्हणाले, "बरं. मांडलायस तर मोठ्यानं वाच. शांताराम, लिही."

शांताराम वायरमन खालच्या गल्लीचा पुढारी, आणि त्या वर्षीचा चिटणीस. मी वाचत होते, तो मान खाली घालून लिहीत होता. एका ओळीवर त्याचं पेन थांबलं.

"ताई, 'वस्तीला लागलेली कीड' असंच लिहू ना? शब्द तुमचाच राहू दे."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. खालच्या गल्लीच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यातल्या एकीने मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

"ठराव मागे घेते," मी म्हणाले. "तो शब्द खोडा."

"खोडायचा नाय," मास्तर म्हणाले. "ती बोलली तेबी राहू दे, आन् मागं घेतलं तेबी लिही."

ते पान अजून वहीत आहे. मी छापलेल्या कुठल्याही पत्रकापेक्षा मला त्याचा अभिमान वाटतो.

पुढच्या वर्षी आम्ही हरलो. अकरा घरांची मतंच निर्णायक ठरली. शांताराम अध्यक्ष झाला. अपमानाचं उट्टं काढायची संधी होती; त्याने उठून वही माझ्या हातात दिली. "लिहा, ताई. आमचं चुकलं तर सोडू नका." मी सोडलं नाही. मागे मास्तर मिशीत हसत होते.

मास्तर गेले त्या वर्षीही शांतारामच अध्यक्ष होता आणि वही माझ्याकडे. शोकसभेला दोन्ही गल्ल्या दाटीवाटीने बसल्या होत्या. आमच्या गल्लीतलं कुणीतरी गहिवरून म्हणालं, "मास्तरांना आयुष्यात कुणी विरोध केला नाही."

मी लिहू लागले.

"थांबा, हे खोटं आहे," शांताराम उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. "मी केला. इतकी वर्षं तोंडावर केला, आणि माझ्या लग्नातला सदरा त्यांनीच शिवला. लिहा, ताई."

मी लिहिलं. नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. कुणी हरकत घेतली नाही.