तुसाची मिशरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही—नवऱ्यालासुद्धा नाही, आणि तो तर तिचाच मुलगा.

माझी सासू धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांत धवलारणीने धवले गायल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि उरणपासून नेऱ्यापर्यंत माणसं तिची सवड विचारून हळदीचा दिवस धरायची. एकही ओळ कागदावर नाही. सगळं डोक्यात. आणि ते डोकं चालायचं मिशरीवर. एकदा घरातली तंबाखू संपली, तर तिने आमटीत दोनदा मीठ घातलं, धवला अर्ध्यात सोडून चुलीकडे बघत बसली. पनवेलच्या बाजारातून तंबाखू आली, मी ती तव्यावर काळी भाजून दिली, तिने दातांना लावली—आणि घटकाभरात सगळे धवले जागेवर. तेव्हा कळलं मला. कळलं नसतं तर?

मिशरी भाजायचं काम माझं. धुराने जीव नकोसा व्हायचा—म्हणून केलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं. मला तिचा पाट हवा होता—मांडवातली धवलारणीची जागा. सहा वर्षं तिच्यामागे ओळ उचलत होते मी, आणि माझं नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. बेलपाड्याला लग्न होतं. आठ दिवस आधीपासून मी भाताचं तूस जाळून मिशरीत मिसळू लागले—रोज थोडं जास्त. रंग तोच, काळा. ती म्हणायची, तंबाखूच हलकी येते हल्ली. मी ताकास तूर लागू दिली नाही.

हळदीला ती तिसऱ्या धवल्यात अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. तिने माझा हात धरला.

“मना पुढचा आठवत नाय गो. तू बोल.”

मी बोलले. कुठेही न अडखळता. बायका म्हणाल्या, सासूने विद्या दिली हो. आणि ती—तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

तिला वाटलं, वय झालं. त्या पावसाळ्यात तिने उरलेले धवले मला शिकवले, विसरली तिथे माझीच माफी मागत. केसाने गळा कापणं आणखी वेगळं काय असतं? तेव्हा तरी थांबायचं होतं ना मी? चांगली मिशरी मिळती तर ती पुन्हा गायली असती—आणि मला भीती त्याचीच होती.

त्यानंतर ती चार वर्षं जगली. मिशरी मीच भाजत होते. तूस घालून.