'तुम्ही सांगा' म्हणणारी चिन्नक्का

चिन्नक्का कुठल्याही बैठकीत सगळ्यांच्या शेवटी बोलायची, आणि पुष्कळदा बोलायचीच नाही. घानातल्या तिच्या चर्चनं तिला वर्षभराच्या इंटर्नशिपवर तारनाक्याला, मी नोकरी करायचे त्या चर्चच्या समाजकार्य विभागात पाठवलं होतं. वय बावीस. घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना आम्ही बांधत होतो. त्या बायकांनीच तिला चिन्नक्का, म्हणजे धाकटी अक्का केलं. तेलुगूतलं एकच वाक्य तिला नीट यायचं, 'मीरु चेप्पंडी.' तुम्ही सांगा. बाकी सगळ्याला दुभाषी मी.

तिला पहिल्यांदा काचीगुड्याला माझ्या घरी जेवायला नेलं, तेव्हा आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "ही पोरगी बाटवायला तर आली नाही ना गं?" चिन्नक्का आत येऊन आईजवळ लसूण सोलत बसली आणि तिला शाळेच्या दिवसांविषयी विचारू लागली. आई दोन तास बोलली. चिन्नक्का गेल्यावर आई म्हणाली, "इतकं मला कुणी कधी विचारलं नव्हतं."

त्या पावसाळ्यात एका सोसायटीनं नोटीस लावली, कामवाल्यांनी लिफ्ट वापरायची नाही. आमच्या संघटनेतल्या यादम्माचे गुडघे गेलेले, आणि तिची तिन्ही कामं पाचव्या मजल्यावर. आम्ही सात-आठजणी सेक्रेटरींना भेटायला गेलो. त्यांनी घाईनं एकच खुर्ची पुढे केली, ती चिन्नक्काला, आणि इंग्रजीत सुरुवात केली. तिनं खुर्ची यादम्माकडे सरकवली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मी तोंड उघडणार, तर तिनं माझा हात धरला. "आपण बोललो तर ते आपल्याला उत्तर देतील," ती हळूच म्हणाली. "उत्तर हिला मिळायला हवं."

सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिलं. वाटलं, एवढं जमवून आणलेलं हातचं गेलं. मग यादम्मा खुर्चीत बसल्याबसल्याच म्हणाली, "साब, मैं नईं चढती ऊपर. आपके घर का काम चढता."

सेक्रेटरी तिच्याकडे वळले. मग, पहिल्यांदाच तिच्याशी बोलत, म्हणाले, "बैठक में रखता हूँ, अम्मा." पंधरा दिवसांनी त्या इमारतीतली नोटीस निघाली. शेजारच्या इमारतीनंही तशीच लावली होती; ती मात्र दिवाळीपर्यंत झगडून काढावी लागली.

वर्ष संपलं. विमानतळावर सामान आत ढकलण्याआधी ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही अनुवाद फार छान करता. थोडा कमी करा."

खरं सांगते, मला लागलं. बारा वर्षं त्या बायकांसाठी मी घसा कोरडा केला होता, आणि ही काल आलेली पोर मला शिकवणार? परतीच्या बसमध्ये मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते. काचीगुडा येईपर्यंत भांडण संपलं, कारण माझ्याजवळ मुद्दाच उरला नाही.

पुढच्या शनिवारच्या बैठकीत मी मागच्या बाकावर जाऊन बसले. बायका वळूनवळून माझ्याकडे बघत होत्या. मी मान खाली घालून गप्प राहिले. शेवटी पुढच्या रांगेतली पुष्पा उठली आणि बोलू लागली. दोन वर्षांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. चांगला खणखणीत होता.